देवाच्या दरबारातला कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात ज्या पुस्तकांची बांधणी पुनःपुन्हा करावी लागते, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे एक असतेच. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणा वाचकांना भेटतात ते बहुधा त्यांच्या पत्नीच्या लेखणीतून : विसरभोळे, तापट, हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंतही न टिकवणारे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून भेटले ते फुलांमुलांचे कवी. या दोन्ही ओळखी खऱ्याच आहेत. परंतु आयुष्याच्या अखेरीस या माणसाने साताऱ्यात जो एक प्रयोग मांडला, त्याची आठवण मात्र पुसट झाली आहे. ख्रिस्ती मंडळी आणि तिच्या शेजारी नांदणारा हिंदू समाज यांच्यामधील भिंतीला दार पाडण्याचा तो प्रयोग होता.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, वडील कडक, आई भाविक. आई लवकर निवर्तली आणि मुलाने घर सोडले. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली, त्याच पुढे लक्ष्मीबाई. संसार एके ठिकाणी स्थिरावला असा नाहीच. कीर्तने, पुराणे, शिक्षकी, संपादन असे अनेक व्यवसाय झाले. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम मिळाले. मनात मात्र एकच घोर होता. जातिभेदाने पोखरलेला हा देश कोणत्या धर्मविचाराने उभा राहील?

या प्रश्नाला वळण मिळाले ते महाराष्ट्राबाहेर, हे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८९३ साली राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी टिळकांचे संभाषण झाले. गोष्ट संस्कृत काव्यावरून धर्मावर गेली. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. पुस्तक वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे त्यांचे मन जडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता केला. थोर माणसाच्या चरित्रातही हे स्पष्ट लिहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या आणि बहिणीच्या आधाराने राहिल्या. पाच-एक वर्षे पती-पत्नींचा संसार तुटल्यासारखाच होता. नवा धर्म शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगतो, आणि सर्वांत जवळची शेजारीण तर दुरावली. टिळकांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना हे दुःख विसरून चालत नाही. पित्याच्या आणि पतीच्या व्याकुळतेने भरलेल्या कविता त्यांनी याच काळात लिहिल्या.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या त्या आपल्या अटींवर. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी हे सारे मान्य केले. तेथे ते अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत अध्यापन करीत. ख्रिस्ती पंडिताच्या दाराआड एक चूल सोवळ्यातली पेटते आहे, हे भोवतालच्या मंडळींना विचित्र वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी पत्नीच्या मतांतराची घाई केली नाही. जातिभेद ही देवाची नव्हे, माणसाची करणी आहे, हे लक्ष्मीबाईंना उमगले ते स्वतःच्या विचाराने, आणि मगच १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकाच छपराखाली दोन धर्म सन्मानाने राहू शकतात, हा धडा टिळकांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, घरात गिरवला.

त्या घराचे दार पुढे उघडेच राहिले. अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, कवी आले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या कोवळ्या मुलाने सर्वांना थक्क केले, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ याच घरात राहिले. ठोमऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांचे आणि टिळक पतिपत्नींचे नाते त्यावाचून काही अडले नाही.

चर्चमधील उपासनेतही टिळकांनी हेच केले. मराठी मंडळी तेव्हा पुष्कळदा पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गात. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा आधीच पाडला होता. टिळकांनी त्याला अभंगाची आणि भजनाची जोड विपुल दिली. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची धारणा होती. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा कशाला? टाळ, वीणा, ओवी, अभंग ही मराठी माणसाची सामायिक मालमत्ता. ती धर्मांतराच्या दारात उतरवून ठेवायची नसते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि निकोल मॅक्निकोल यांनी इंग्रजीत नेलेली काही पाश्चात्त्य चर्चमध्येही गायिली गेली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

तरीही मन स्वस्थ नव्हते. मिशनचा पगार, मिशनचे आवार, मिशनची शिस्त यांमुळे ख्रिस्ती माणूस आपल्याच गावात परका होतो, हे त्यांना डाचत होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसंघ होता. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात एका पंक्तीला बसू शकत. आपला समाज, आपले आप्त, आपली वेशभूषा सोडून येण्याची अट नव्हती.

दोन्ही बाजूंना हे सहज पचणारे नव्हते. बाप्तिस्म्याचे महत्त्व उणावले तर मंडळीचे स्वरूप काय उरेल, ही एका बाजूची शंका. हे धर्मांतराचेच नवे जाळे तर नव्हे, ही दुसऱ्या बाजूची. दोन्ही शंका सर्वस्वी निराधार होत्या असे म्हणवत नाही. टिळकांना आपले गुरू लपवायचे नव्हतेच. सर्वांनी ख्रिस्ताकडे यावे हीच त्यांची आस होती. फक्त त्यासाठी कोणी आईबापांना पारखे होऊ नये, असे त्यांना वाटे. आपल्या घरी एकदा जे घडले ते इतरांच्या घरी घडू नये, ही त्यामागची कळ मला तरी या प्रयोगात दिसते.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वे अपघातात गेले. पाठोपाठ एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला. देहाचे दफन न करता दहन व्हावे, ही त्यांची इच्छा. त्यांच्या अस्थी अहमदनगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावल्या. संघटना म्हणून दरबार पुढे टिकला नाही. नगरला त्यांच्या सहवासात आलेले जॅक विन्स्लो यांनी १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. खादी नेसून भारतीय रीतीने राहणाऱ्या ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापकही हेच विन्स्लो.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरेच राहिले होते. तीनशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ज्या ओवीत रचले, त्याच ओवीत टिळकांनी ख्रिस्तचरित्र आरंभिले होते. पहिले काही अध्याय लिहून ते गेले. एके काळी त्याच ख्रिस्तापायी ज्यांचा संसार मोडला होता, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहायला घेतले आणि ग्रंथ जवळजवळ पुरा केला. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला.