बाका प्रसंग आणि अहिल्यादेवी

आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. ग्रंथाचे काम बघणाऱ्या मंडळींनी आम्हाला सांगितले की महाराज, एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून द्या. आम्ही शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत. कीर्तनाच्या निमित्ताने चार पोथ्या वाचल्या, चार जाणत्या माणसांजवळ बसलो, तेवढ्या शिदोरीवर हे लिहितो आहोत. भाषेकडे न बघता भाव घ्यावा ही विनंती.

संतांची चरित्रे या ग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर घेतल्या. त्याला कारण आहे. दिंडी चालवायची म्हणजे रोज काही ना काही ठरवावे लागते. आभाळ भरून आलंय, मुक्काम दोन कोस पुढे आहे, म्हातारी माणसं थकलीत, मग चालायचं का थांबायचं? एखादा माणूस रस्त्यात पडला, त्याच्याजवळ कोणी राहायचं? पाण्याचा टँकर आला नाही, तर पंगत कशी उठवायची? अशा वेळी सगळे दिंडीचालकाच्या तोंडाकडे बघतात. त्याचा एक शब्द चुकला की शेकडो माणसांचे हाल. म्हणून बाका प्रसंग आला तेव्हा ज्यांनी योग्य तेच ठरवले, अशा माणसाचे चरित्र दिंडीच्या ग्रंथात असावे असे आम्हाला वाटले.

आणि अहिल्यादेवी काही परक्या नाहीत. पंढरपुरात होळकर वाडा आहे, त्यात रामाचे मंदिर आहे. आपल्या नाशकात गोदावरीवरचा होळकर पूल त्यांच्याच नावाचा. चांदवडला त्यांचा रंगमहाल आहे, रेणुकामातेचे देऊळ आहे. आपल्या निवृत्तीनाथांच्या पालखीच्या वाटेवर मिरजगाव लागते, तिथून त्यांचे जन्मगाव चौंडी फार लांब नाही. सीना नदीच्या काठचे साधे गाव. तिथले पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी ही मुलगी जन्माला आली.

सुभेदार मल्हारराव होळकरांनी चौंडीच्या मुक्कामात या मुलीला देवळात पाहिले आणि सून करून घेतले, असे सांगतात. १७३३ साली खंडेराव होळकरांशी लग्न झाले. मुलगी आठ वर्षांची. त्या काळी पोरींना कोण शिकवत होतं? पण मल्हाररावांनी सुनेला लिहायला, वाचायला, हिशोबाला बसवले. स्वतः मल्हारराव वर्षातले कित्येक महिने मोहिमेवर घोड्यावर असायचे. मागे वसुली किती आली, फौजेचा पगार कोणाचा थकला, दारूगोळा कुठे पाठवायचा, हे सगळे हळूहळू सुनेच्या हाती आले. १७६५ साली सासऱ्यांनी त्यांना पत्र लिहून तोफा घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगितले होते. घरातल्या सुनेला असे काम सांगायचे म्हणजे केवढा विश्वास असला पाहिजे!

ही गोष्ट वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे इथूनच उगवले. आपल्याकडे कांदा करणाऱ्याला माहीत आहे. आभाळ आल्यावर जो चाळ बांधायला निघतो त्याचा कांदा भिजतो. चाळ उन्हाळ्यातच बांधावी लागते.

पहिला बाका प्रसंग आला १७५४ साली. सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवींचे वय २८ वर्षे. पदरात मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे खंडेरावांच्या दुसऱ्या बायका सती गेल्या. अहिल्यादेवींचीही तयारी झाली होती. तेव्हा म्हातारे मल्हारराव रडत आडवे आले. मुलगा तर गेलाच, आता तूही गेलीस तर या दौलतीला आणि या लेकरांना कोण, असा त्यांचा आकांत होता. अहिल्यादेवी थांबल्या.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळात सती जाणारीची पूजा व्हायची आणि मागे राहणारीला बोल लागायचा. लोक काय म्हणतील ते एकीकडे आणि मागे राहिलेल्यांचा भार दुसरीकडे. त्यांनी भार उचलला. आम्हाला त्यांचा हा निर्णय सर्वांत अवघड वाटतो, कारण यात टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

पुढे २० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूरला वारले. सरदारी मालेरावाला मिळाली, पण तोही १७६७ साली गेला. वर्षाच्या आत सासरा गेला, पोटचा मुलगा गेला. होळकरांच्या घरात कर्ता पुरुष राहिला नाही.

अशा वेळी घरचाच माणूस फिरला. मल्हाररावांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, ज्यांना गंगोबा तात्या म्हणत, त्यांनी सुचवले की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्याकडे सोपवावा. बाईंनी देवधर्म करावा. वरून हे गोड दिसते. पण मूल लहान, म्हणजे सगळी किल्ली दिवाणाच्या कमरेला. अहिल्यादेवींनी हे ओळखले आणि साफ नकार दिला. आपण एका सरदाराची बायको आणि एका सरदाराची आई आहोत, वारस ठरवायचा हक्क आपला, हे त्यांनी स्पष्ट केले.

गंगोबाने मग राघोबादादा पेशव्यांना गाठले. राघोबादादा तेव्हा उत्तरेच्या मोहिमेवर मोठी फौज घेऊन होते. होळकरांची दौलत बिनवारशी पडली आहे, येऊन ताब्यात घ्यावी, असे त्यांच्या कानावर घातले. पेशव्यांचे चुलते फौज घेऊन इंदूरकडे निघाले. समोर ४२ वर्षांची विधवा बाई, मुलाचे सुतक डोळ्यांत. आता काय करावे?

दोन सोप्या वाटा होत्या. एक, घाबरून किल्ल्या देऊन टाकायच्या. दुसरी, संतापून उठायचे आणि समोर पडेल त्याच्याशी लढून संपून जायचे. अहिल्यादेवींनी दोन्ही सोडल्या. त्यांनी काय काय केले ते आम्ही ओळीने सांगतो, कारण या चरित्राचे लोणी इथेच आहे.

पहिले, त्यांनी हक्क कोणाच्या हाती आहे ते पाहिले. राघोबादादा मोठे खरे, पण गादीवर पेशवे होते माधवराव, २२ वर्षांचे, न्यायाला कडक. अहिल्यादेवींनी पुण्याला त्यांच्याकडे दाद मागितली. माधवरावांनी होळकरांच्या दौलतीवर अहिल्यादेवींचा हक्क मान्य केला.

दुसरे, शेजाऱ्यांना वेळेवर हाक दिली. शिंदे, गायकवाड, भोसले यांच्याकडे पत्रे गेली. आज होळकरांवर ही वेळ आली, उद्या दुसऱ्या कोणावर येईल, हे त्यांना समजावून दिले. मल्हाररावांनी आयुष्यभर जोडलेली माणसे होती ती, आणि सुनेने त्यांच्याशी कागदपत्राचा व्यवहार ठेवला होता. ओळख नसताना संकटात कोणी धावत नाही.

तिसरे, लढायची खरी तयारी केली. तुकोजी होळकर हे मल्हाररावांच्या विश्वासातले, त्याच कुळातले माणूस. ते फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी उभे राहिले. बायकांचीही एक तुकडी उभी केली असे सांगतात.

चौथे सगळ्यांत नाजूक. समोरच्याला माघारी फिरायला वाट ठेवली. राघोबादादांना निरोप गेला तो असा, की बायकांशी लढून जिंकलात तर त्यात मोठेपणा नाही, आणि हरलात तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शिवी नाही, शाप नाही. फक्त आरसा दाखवला. राघोबादादा विचारात पडले आणि मालेरावाच्या दुखवट्याला आलो आहोत असे म्हणाले. अहिल्यादेवींनीही ते खोटे पाडायचा आग्रह धरला नाही. दुखवट्यालाच यायचे तर फौज कशाला, थोड्या माणसांनिशी यावे, अशी व्यवस्था झाली. दादा पालखीतून इंदूरला आले, पाहुणे म्हणून राहिले आणि परत गेले. रक्ताचा थेंब सांडला नाही. दोन्ही बाजूंचे किती लेकुरवाळे शिपाई जिवंत घरी गेले असतील, हा हिशोब कोणी मांडत नाही, पण पांडुरंगाच्या वहीत तो आहे.

आता याच्या उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात बघा. राघोबादादा नाशिकजवळ आनंदवल्लीला राहत. पुढच्याच वर्षी त्यांनी पुतण्याविरुद्ध बंड केले आणि चांदवड तालुक्यातल्या धोडप किल्ल्याचा आसरा घेतला. गंगोबा तात्याही त्यांच्याबरोबर होताच. जून १७६८ मध्ये माधवरावांनी धोडपला त्यांचा पराभव केला. दादांना पुण्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले, गंगोबाही कैदेत पडला. राघोबादादा शूर नव्हते असे कोणी म्हणणार नाही, त्यांनी अटकेपर्यंत झेंडे नेले होते. पण ठरवताना मनात हाव होती आणि कानाशी खोटा सल्लागार होता. धोडपचा तो सुळका लांबून दिसला की आम्हाला हीच गोष्ट आठवते.

संकट टळल्यावर अहिल्यादेवींनी आणखी एक शहाणपण केले. सगळी सत्ता आपल्याच मुठीत ठेवली नाही. फौज तुकोजींकडे दिली, खजिना आणि कारभार स्वतःकडे ठेवला. आपल्याला काय जमते आणि दुसऱ्याला काय जमते याची ही वाटणी. पुढे पैशावरून दोघांत कुरबुरी झाल्या, पण शेवटपर्यंत वाटणी मोडली नाही.

नर्मदेच्या काठी महेश्वरला त्यांनी राजधानी केली आणि २८ वर्षे राज्य चालवले. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या गेल्यावर माळव्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची दिनचर्या लिहून ठेवली आहे. पहाटे उठणे, पूजा, पुराण ऐकणे, दानधर्म. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. रात्री नऊला परत काम, अकरापर्यंत. पडद्याआड न बसता उघड्या दरबारात त्या गाऱ्हाणी ऐकत. अशी रोजची बैठक असली म्हणजे कोण खरे बोलतो आणि कोण लावालावी करतो हे माणसाला आपोआप कळायला लागते.

दोन निवाडे सांगतो. डोंगराळ भागात भिल्ल लोक वाटसरूंना लुटत. अहिल्यादेवींनी आधी बंदोबस्त केला, पण नुसत्या दंडावर थांबल्या नाहीत. घाटवाटेने जाणाऱ्या मालावर थोडा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क होता, त्याला भिलकवडी म्हणत. तो त्यांनी मान्य केला आणि बदल्यात वाटेची राखण त्यांच्याच गळ्यात घातली. दुसरा निवाडा विधवांचा. मूलबाळ नसलेल्याचा पैसा सरकारजमा करायची जुनी खोड होती. अहिल्यादेवींनी विधवेचा पैसा विधवेकडे राहू दिला. खजिन्यात आयती भर पडत असताना ती नाकारायला मन मोठे लागते.

त्यांच्या हातात सगळेच होते असे नाही. नातू गेला, मग १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. जे मल्हाररावांनी सुनेला सांगितले होते, तेच अहिल्यादेवींनी लेकीला काकुळतीने सांगितले. लेकीने ऐकले नाही. आईने ते डोळ्यांनी पाहिले आणि तीन दिवस अन्न घेतले नाही. मग परत उठून दरबारात बसल्या, कारण गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे बाहेर ताटकळत होती. कीर्तनात हा भाग सांगताना आमचा आवाज दरवेळी जड होतो.

काशीविश्वनाथाचे देऊळ १७८० साली त्यांनी परत उभे केले, गयेचे विष्णुपद बांधले, सोमनाथाला नवे देऊळ दिले. ठिकठिकाणी घाट, बारव, धर्मशाळा. यात स्वतःच्या राज्याबाहेरची कामे किती! पाणी पिणारा वाटसरू कोणाच्या मुलखातला हे त्यांनी पाहिले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी सत्तर वर्षांच्या होऊन त्या महेश्वरला गेल्या.

आता आपल्या दिंडीकडे वळतो. शंभर वर्षे दिंडी चालली ती जुन्या माणसांनी बाक्या वेळी नीट ठरवले म्हणून. पुढे ज्यांच्या खांद्यावर वीणा येईल त्या तरुण माळकऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. दिंडीचा हिशोब रोजच्या रोज लिहा. वाटेवरच्या गावांशी बारा महिने बोलणे ठेवा, नुसते आषाढात नको. कानाशी लागणाऱ्याचे ऐकण्याआधी त्यात त्याचा फायदा किती ते बघा. भांडण झाले तर समोरच्याला अब्रूने माघारी यायला जागा ठेवा, कारण उद्या त्याच्याच शेजारी टाळ धरायचा आहे. आणि ठरवताना आपले नाव होईल का हा विचार न करता मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करा. एवढे रोज सांभाळले तर प्रसंग येईल त्या दिवशी पांडुरंग बुद्धी देतोच.

पुढच्या आषाढीला होळकर पुलावरून नाहीतर पंढरपुरात होळकर वाड्यावरून जाताना क्षणभर थांबून या माऊलीला हात जोडावेत. पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.