हॅटी मॅक्डॅनियल : पडद्यावरची मोलकरीण, शुगर हिलची मालकीण

1952 सालच्या 26 ऑक्टोबरला अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सिनेकामगारांच्या इस्पितळात एक नटी स्तनाच्या कॅन्सरने वारली. आपल्याला हॉलिवूड सिमेटरी या दफनभूमीत पुरावे, एवढीच तिची शेवटची इच्छा होती. ज्या धंद्यासाठी ती वीस वर्षे राबली त्या धंद्यातली मोठमोठी माणसे तिथे पुरलेली होती. दफनभूमीच्या मालकाने साफ नकार दिला. तिथे काळ्यांना जागा नव्हती. गावच्या स्मशानात आजही ज्यांचे प्रेत अडवले जाते, त्या आमच्या वाचकांना या नकाराचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

ही नटी म्हणजे हॅटी मॅक्डॅनियल. ऑस्कर पुरस्कार मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. पण आम्ही तिची कहाणी सांगतो आहोत ती फक्त कातडीच्या रंगासाठी नाही. हॅटी चांगलीच लठ्ठ होती आणि ती काळी होती. या दोन गोष्टी गोऱ्या समाजाने एकत्र बांधून तिच्या शरीराचा बाजार मांडला. पुढे तिच्याच समाजातील सुधारकांना त्याच शरीराची लाज वाटू लागली. वर्णवर्चस्व फक्त रंगावर चालते असे नव्हे. कोणाचे शरीर कसे दिसावे, कोणी कोणत्या शरीरासाठी राबावे आणि कोणाच्या शरीराला हसावे, हेसुद्धा तेच ठरवते.

हॅटीचा जन्म 1893 चा, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा. तेरा भावंडांत ती धाकटी. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. वडील हेन्री मॅक्डॅनियल अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढले. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या लढ्यात सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिकही होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. हेन्री त्यांपैकी एक. युद्धात शरीर मोडलेल्या या शिपायाला पेन्शनसाठी पुढे वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले, आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ.

कुटुंब पुढे डेन्व्हरला आले. आई चर्चमध्ये गायची. भावंडे नाचत, गात, नकला करीत. 1910 साली शाळेत असताना हॅटीने काव्यवाचनाचे सुवर्णपदक मिळवले. भावाच्या फिरत्या नाटक मंडळीत ती गाणी लिहायची, गायची आणि हसवायची. 1920 नंतरच्या दशकात तिने रेडिओवर गायले, ब्लूज गाण्यांच्या तबकड्या काढल्या. म्हणजे ती आधी गायिका होती, गीतकार होती. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जगाने तिच्यात फक्त एक गलेलठ्ठ मोलकरीण पाहिली. 1929 च्या मंदीत काम गेले तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात प्रसाधनगृहाची राखण करण्याची नोकरी तिला धरावी लागली. तिथल्या रंगमंचावर काळ्या गायिकेला उभे करायला मालक आधी तयार नव्हता. पुढे एकदाची संधी मिळाली आणि तिने ती जागा जिंकली.

1931 साली ती लॉस एंजेलिसला आली. रेडिओवर तिला मिजासखोर मोलकरणीचे विनोदी काम मिळाले आणि कार्यक्रम गाजला. पण पगार इतका तुटपुंजा की नाव झाल्यावरही ती लोकांच्या घरी खरोखरची धुणीभांडी करीत होती. पडद्यावर आली तीही मोलकरीण म्हणूनच. तिने किमान 74 वेळा मोलकरणीचे काम केले, असे म्हणतात. कितीतरी चित्रपटांत तर श्रेयनामावलीत तिचे नावदेखील नाही.

आता या 'मॅमी' नावाच्या प्रकाराकडे नीट पाहिले पाहिजे. मॅमी म्हणजे गोऱ्या मालकाची मुले सांभाळणारी काळी दाई. ती नेहमी लठ्ठ, गर्द काळी, डोक्याला रुमाल बांधलेली, तोंडाने फटकळ पण मालकावर जीव टाकणारी. तिला नवरा नसतो, स्वतःची मुले असली तरी दिसत नाहीत, तिच्याकडे कोणी बाई म्हणून पाहत नाही. इतिहासकार सांगतात की ही बाई बहुतांशी कल्पनेतली आहे. गुलामांना पोटभर अन्न कुठे होते? मालकाच्या घरात कामाला ठेवलेल्या गुलाम मुली बऱ्याचदा कोवळ्या, किडकिडीत आणि उजळ रंगाच्या असत. त्यांचा रंग उजळ का होता, हेही सांगायला नको. मालकाच्या अत्याचाराचा तो जिवंत पुरावा होता. तो झाकण्यासाठी गोऱ्यांना एक लठ्ठ, वयस्कर, हसतमुख बाई हवी होती. लठ्ठ, म्हणजे गुलामीत खायला भरपूर होते. हसतमुख, म्हणजे गुलाम सुखात होते. आणि तिच्या देहाकडे मालकाची वाकडी नजर जाणे शक्यच नाही, म्हणजे मालक निष्पाप! एका जाड शरीराकडून केवढे खोटे वदवून घेतले पाहा.

हा माल विकलाही गेला. हॅटी जन्मली त्याच 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या पूर्वी गुलाम असलेल्या बाईला 'आंट जेमायमा' म्हणून उभे करून पॅनकेकचे पीठ खपवण्यात आले. त्या पुड्यावरचा काळा चेहरा आणि ते नाव कंपनीने बाजूला केले ते 2020-21 मध्ये. 1923 साली तर राजधानी वॉशिंग्टनमध्ये मॅमीचा पुतळा उभारण्याचा ठराव सिनेटने मंजूर केला होता. काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला म्हणून तो बारगळला.

शरीर हीच मागणी असल्यावर कलावंतांचे काय हाल होत असतील? हॅटीच्या बरोबरीची लुईझ बीव्हर्स ही नटी हाडापेराने तशी जाड नव्हती. मोलकरणीच्या भूमिका हातच्या जाऊ नयेत म्हणून ती भूक नसताना बळेबळे खायची आणि तरी कमी पडले तर कपड्यांत गाद्या भरायची. गोऱ्या नट्यांना बारीक राहण्यासाठी उपाशी ठेवणारे हे स्टुडिओ. म्हणजे दोघींच्याही पोटावर मालकी स्टुडिओचीच! लठ्ठपणाच्या कुचेष्टेतून गोरा माणूस सुटत होता असेही नाही. रॉस्को आर्बकल हा गोरा विनोदी नट 1921 साली एका तरुणीच्या मृत्यूच्या खटल्यात सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या वजनालाच खुनाचे हत्यार ठरवले. 1922 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडून वर त्याची माफी मागितली, तरी त्याची कारकीर्द मातीत गेली ती गेलीच. फरक इतकाच की लठ्ठ आर्बकल त्याआधी नायक होता, दिग्दर्शक होता. लठ्ठ हॅटीला मात्र गोऱ्यांच्या स्वयंपाकघराचे दार कधी ओलांडता आले नाही.

1939 साली 'गॉन विथ द विंड' आला. गुलामांच्या मालकांविषयी गळा काढणारा हा चित्रपट आमच्या मते विषारी आहे. त्यातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. गोरी नायिका पलंगाचा खांब धरून उभी आहे आणि हॅटी तिच्या कंबरपट्ट्याच्या दोऱ्या ताकदीने आवळते आहे. नायिकेची कंबर साडेअठरा इंच! मेजवानीला जाण्याआधी घरीच पोटभर खाऊन घे म्हणून हॅटी तिच्यामागे ताट घेऊन फिरते, कारण चारचौघांत भरपूर खाणे खानदानी बाईला शोभत नाही. एका बाईचे बारीक शरीर घडवण्यासाठी दुसरीचे जाड शरीर राबते आहे. प्रेक्षकाने पहिलीवर भाळायचे, दुसरीला हसायचे. पण हॅटी ही भूमिका अशी करते की डोळे तिच्यावरच खिळतात. मालकिणीला ती दरडावते, तिचे ढोंग तिच्या तोंडावर उघडे पाडते. तिच्या नजरेत गुलामाची लाचारी शोधून सापडत नाही. पटकथेतली काळ्यांना उद्देशून असलेली ती घाणेरडी शिवीसुद्धा काळ्यांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी ओरड केल्यावर काढावी लागली.

चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात 15 डिसेंबर 1939 रोजी झाला. वर्णभेदाच्या कायद्यामुळे हॅटीला तिथे प्रवेश नव्हता. त्या सोहळ्यानिमित्त झालेल्या गोऱ्यांच्या मेजवानीत गुलामांचे कपडे घालून गाणाऱ्या चर्चच्या गायकवृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. पुढे 29 फेब्रुवारी 1940 रोजी हॅटीला सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ज्या हॉटेलात समारंभ होता तिथे काळ्यांना मज्जाव. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून तिला आत घेतले, पण बसवले ते चित्रपटातल्या इतर कलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या एका लहान टेबलावर. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसलेल्या भीमरावाची आठवण होणार नाही असा आमचा वाचक कोण?

यापुढचा भाग चळवळीतल्या माणसांनी सावकाश वाचावा. काळ्यांची मोठी संघटना एनएएसीपी हिचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी 1942 साली हॉलिवूडच्या स्टुडिओमालकांची भेट घेतली. काळ्यांना मोलकरीण आणि हमाल म्हणून दाखवणे बंद करा, ही त्यांची मागणी. मागणी रास्तच होती. पण ज्यांच्या पोटावर तिचा परिणाम होणार होता त्या काळ्या नटनट्यांना त्यांनी विचारले नाही. नव्या युगाचा चेहरा म्हणून त्यांनी पुढे केली लीना हॉर्न, सडपातळ आणि उजळ. व्हाइट स्वतः इतके गोरे आणि निळ्या डोळ्यांचे होते की अनोळखी माणूस त्यांना गोराच समजे. हॅटीला हे झोंबले. मोलकरीण होऊन राबण्यापेक्षा मोलकरणीचे काम करून शंभरपट पैसे घेणे काय वाईट, अशा अर्थाचे तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. लीनाशी मात्र तिने वैर धरले नाही. नवख्या लीनाला तिने घरी बोलावून धीर दिला.

बरोबर कोण होते? पठ्ठे बापूरावांच्या फडाने चळवळीला देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारल्याची हकिकत आपल्याकडे सांगितली जाते. आपल्या बायाबापड्यांच्या देहाच्या प्रदर्शनातून आलेला पैसा नको, हा त्यामागचा स्वाभिमान. म्हणून व्हाइट यांचा मुद्दा आम्हाला परका नाही. पण भूमिका नाकारणे वेगळे आणि ती करणाऱ्या बाईचा चेहरा, रंग, घेर समाजाला न शोभणारा ठरवणे वेगळे. जयंतीच्या स्टेजवर गाणारी आपलीच एखादी जाडजूड गायिका आली की पहिल्या रांगेतून कोणते शेरे येतात, ते आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. मुंबईच्या सिनेमात उमादेवी खत्री ही गायिका होती. 'दर्द' या 1947 च्या चित्रपटात ती गायली. पुढे तिच्या जाडीला विनोदाचे नाव मिळाले, टुणटुण. ती 2003 साली वारली. तिचे गाणे किती जणांना आठवते? आणि शाळेतल्या जाड पोरीला चिडवायला तिचे पडद्यावरचे नाव किती जणांनी वापरले?

हॅटी लढली कुठे, हे तिला हिणवणाऱ्यांनी पाहिलेच नाही. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स भागात, ज्याला शुगर हिल म्हणत, तिने सतरा खोल्यांचे घर घेतले. तिथल्या जमिनींच्या जुन्या करारात काळ्यांना घर विकायचे नाही अशी अट होती. गोऱ्या शेजाऱ्यांनी काळ्या घरमालकांना हुसकावण्यासाठी कोर्टात दावा लावला. हॅटीने आपल्या घरी बैठका घेतल्या, शेजारच्या काळ्या कुटुंबांना एकत्र केले. लोरेन मिलर या काळ्या वकिलाने केस लढवली. न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती पाहून आले आणि डिसेंबर 1945 मध्ये त्यांनी घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. त्यानंतर अडीच वर्षांनी, 1948 साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. त्या लढाईतही हेच मिलर होते. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून फ्लॅट नाकारला गेलेल्यांनी हा खटला जरूर अभ्यासावा. (या शुगर हिलमधून पुढे महामार्ग नेऊन वस्तीचे दोन तुकडे करण्यात आले. रस्ता कुठून न्यायचा, हे कोण ठरवतो?)

1947 साली 'ब्यूला' या रेडिओ मालिकेची ती नायिका झाली. काळ्या मोलकरणीचे हे पात्र तोवर गोरे पुरुष आवाज बदलून करीत! गावंढळ बोली बोलणार नाही, ही अट हॅटीने करारात घालून घेतली. मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा काही भाग करताच ती आजारी पडली आणि तिची जागा लुईझ बीव्हर्सने घेतली.

हॉलिवूड सिमेटरीने नाकारल्यावर हॅटीला रोझडेल दफनभूमीत पुरले. सर्व वर्णांना जागा देणारी ती त्या शहरातली पहिली दफनभूमी. 1999 साली हॉलिवूड सिमेटरीच्या नव्या मालकाने तिचे अवशेष तिथे आणण्याची तयारी दाखवली. नातेवाइकांनी नकार दिला. मग तिथे नुसता स्मृतिस्तंभ उभारण्यात आला.

तिचे ऑस्कर म्हणजे बाहुली नव्हती. त्या काळी सहाय्यक कलावंतांना छोटी पट्टी देत. ती पट्टी तिने मृत्युपत्राने हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठाला दिली, आणि तिथून ती गहाळ झाली. 2010 साली मोनीक या लठ्ठ, काळ्या विनोदी नटीने ऑस्कर घेतले तेव्हा तिच्या केसांत हॅटीसारखीच गार्डेनियाची फुले होती, आणि स्टेजवरून तिने हॅटीचे आभार मानले. अकादमीने हॉवर्ड विद्यापीठाला नवी पट्टी करून दिली ती ऑक्टोबर 2023 मध्ये.