डोळ्याच्या आरशाचा जनक : हेरमान फोन हेल्महोल्ट्स



आपल्या धसई, मुरबाड, शहापूर भागात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दिसेनासे झाले, की सर्वांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाली की पुन्हा दिसू लागेल, असा धीर दिला जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण कधी कधी डॉक्टर बाहुलीतून आत निरखून पाहतात आणि सांगतात, की दोष भिंगात नसून पडद्यात आहे. हा पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आतून पसरलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा थर. त्याला शास्त्रीय भाषेत दृष्टिपटल म्हणतात. भिंग काढून दुसरे बसवता येते, पडदा बदलता येत नाही. म्हणून त्याचा आजार वेळेवर ओळखणे, हाच खरा इलाज ठरतो.

मात्र १८५० पूर्वी जिवंत माणसाच्या डोळ्यातला हा पडदा नीट पाहणे कोणाही वैद्याला, हकिमाला किंवा डॉक्टरला साधले नव्हते. रोग आत आहे एवढे कळे, पण काय आहे ते कळत नसे. हे अंधाराचे दार ज्यांनी उघडले, त्या हेरमान फोन हेल्महोल्ट्स यांची ओळख या लेखात आपण करून घेऊ.

त्याआधी एका थोर पूर्वजाचे स्मरण करणे उचित ठरेल. इब्न अल-हैथम यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसऱ्यास झाला आणि त्यांचे पुढचे आयुष्य कैरोत गेले. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीत प्रयोग केले आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे युक्तिवादासह मांडले. त्यांचा 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझेल येथे छापला गेला. पुढे १६०४ मध्ये केपलरने वस्तूची प्रतिमा पडद्यावरच उमटते, हे दाखवून दिले. 'रेटिना' हा शब्दही याच वाटेने युरोपात गेला. ग्रीकांनी या थराला मासेमारीच्या जाळ्याची उपमा दिली होती, अरबी भाषांतरकारांनी त्याला 'शबकिया' म्हटले आणि त्यावरून लॅटिन शब्द घडला. उर्दूत आजही आपण शबकियाच म्हणतो. ज्ञान हे असे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते.

हेल्महोल्ट्स यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी झाला. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तके होती, पण पैसा बेताचाच होता. लहानपणी हा मुलगा वरचेवर आजारी पडे. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी पाठ करणे त्याला फार जड जाई. घोकंपट्टीत तो मागे पडे, पण एखाद्या गोष्टीचे कारण समजले की ती कायमची लक्षात राही. वर्गात लॅटिनचे धडे चालू असताना तो बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून जाणाऱ्या किरणांचे मार्ग मांडत बसे.

त्याला पदार्थविज्ञान शिकायचे होते. परंतु वडिलांनी आपली परिस्थिती स्पष्टपणे सांगितली. त्या विषयात पोट भरण्याची खात्री नव्हती आणि विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. वैद्यकीय शिक्षणासाठी मात्र सरकारी मदत मिळत होती. बर्लिनच्या एका संस्थेत सैन्यासाठी डॉक्टर तयार केले जात. शिक्षण विनामूल्य होते, पण त्या बदल्यात आठ वर्षे सैन्यात नोकरी करण्याची अट होती. मुलाने अट मान्य केली आणि १८३८ मध्ये तो बर्लिनला गेला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. मुलाचा ओढा एकीकडे आणि घरची ऐपत दुसरीकडे, हा पेच आपल्याकडे दर जून महिन्यात किती घरांत उभा राहतो! या मुलाने वडिलांना दोष दिला नाही आणि आपली आवडही सोडली नाही. हाती आलेल्या वैद्यकीतच त्याने आपले पदार्थविज्ञान शोधले.

१८४१ मध्ये तो विषमज्वराने आजारी पडला. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात त्याच्यावर मोफत उपचार झाले. त्या काळात खर्च न झालेली थोडी रक्कम शिल्लक राहिली होती. बरा झाल्यावर तिच्यातून त्याने एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. उपकरण साधेच होते, पण त्याच्या आधारे मज्जातंतूंचा अभ्यास करून त्याने १८४२ मध्ये पदवी मिळवली.

त्यानंतर हेल्महोल्ट्स पॉट्सडॅमच्या छावणीत सैनिकी डॉक्टर झाले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते तेथे सैनिकांवर औषधोपचार करीत होते आणि उरलेल्या वेळात प्रयोग करीत होते. १८४७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाला. आज तो विज्ञानाच्या पायाभूत लेखनात गणला जातो. पुढे सैनिकी नोकरीतून त्यांना मुदतीपूर्वी मोकळीक मिळाली आणि १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजता येणारच नाही, असे त्यांच्या गुरूंनाही वाटत होते. हेल्महोल्ट्स यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजून दाखवला. तो सेकंदाला तीस मीटरच्या आसपास होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १८५० च्या अखेरीस त्यांना वर्गात एक साधा प्रश्न समजावून द्यायचा होता. माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत प्रकाश जातो, पडद्यावरून थोडा परतही येतो, मग तो आपल्याला का दिसत नाही?

उत्तर असे आहे. दिव्याचा प्रकाश ज्या मार्गाने डोळ्यात जातो, त्याच मार्गाने परत दिव्याकडे येतो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तेथे डोके नेले की दिवा झाकला जातो आणि आत जाणारा प्रकाशच बंद होतो. त्यांचे मित्र ब्र्यूके यांनी बाहुली तांबूस चमकताना पाहिली होती, पण चमक दिसली तरी आतले चित्र दिसले नव्हते.

हेल्महोल्ट्स यांनी दिवा बाजूला ठेवला आणि रोग्याच्या डोळ्यासमोर काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. संध्याकाळी धसईहून कल्याणला जाताना एस.टी.च्या खिडकीत काय दिसते ते आठवा. त्याच काचेत आपला चेहराही दिसतो आणि पलीकडची झाडेही दिसतात. काच थोडा प्रकाश परतवते आणि थोडा आरपार जाऊ देते. तसेच येथे झाले. बाजूच्या दिव्याचा प्रकाश काचेवरून वळून डोळ्यात गेला. पडद्यावरून परतलेल्या प्रकाशाचा काही भाग काचेतून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरला. चित्र स्पष्ट व्हावे म्हणून मध्ये अंतर्गोल भिंग ठेवले. पुठ्ठा, गोंद, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा, एवढ्याच सामग्रीवर आठवडाभर खटपट करून त्यांनी जिवंत माणसाचा पडदा पाहिला. तांबूस पृष्ठभाग, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि दृष्टिमज्जातंतूची फिकट गोल चकती त्यांच्यासमोर होती. बाकाखाली किरणांचे मार्ग मांडणाऱ्या मुलाची आवड आणि परिस्थितीने गळ्यात पडलेली वैद्यकी, या दोन्हींचा त्या दिवशी मेळ बसला.

१८५१ मध्ये त्यांनी ही माहिती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. या उपकरणाला त्यांनी जर्मनमध्ये 'डोळ्याचा आरसा' असे नाव दिले. आज डॉक्टर त्याला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात. सर्वांनीच त्याचे स्वागत केले असे नाही. आजारी डोळ्यात उघडा प्रकाश सोडणे धोक्याचे आहे, असे एका शल्यचिकित्सकाचे मत पडले. दुसऱ्याने आपली नजर चांगली आहे, आपल्याला आरशाची गरज नाही, असे म्हणून तो बाजूला सारला. पण बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी तो हर्षाने स्वीकारला आणि थोड्याच वर्षांत नेत्ररोगांचे शास्त्र पालटून गेले. ग्रेफे यांच्या नावाचे पदक सुरू झाले, तेव्हा १८८६ मध्ये ते प्रथम हेल्महोल्ट्स यांनाच देण्यात आले.

पुढे त्यांनी दृष्टीविषयीचा मोठा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात पूर्ण केला. १८७१ मध्ये ते बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. जो विषय पैशाअभावी सोडावा लागला होता, त्याच विषयाचे अध्यापन पन्नाशीत त्यांच्याकडे चालून आले. विद्युत्-चुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

पडदा दिसू लागला, त्यानंतर त्यावरील उपचार हळूहळू आले. १९२० च्या दशकात लोझान येथील झ्यूल गोनँ यांनी सुटलेल्या पडद्याचे छिद्र शोधून ते बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. विसाव्या शतकाच्या मध्यास मायर-श्विकेराथ यांनी तीव्र प्रकाशाने पडद्यावर उपचार करून दाखवला. त्यानंतर लेसर आला आणि आता डोळ्यात द्यावयाची इंजेक्शनेही आहेत.

वाचकहो, या चरित्राचा आपल्या घराशी संबंध आहे. मधुमेह पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, नजरही कमी होत नाही. दिसेनासे होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो आणि गेलेली नजर बहुधा पूर्णपणे परतत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने तक्रार नसली तरी वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, पडदा तपासून घ्यावा. रक्तदाब असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे. डोळ्यासमोर अचानक विजेसारखी चमक, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो. मुलाला रात्री कमी दिसत असेल तर दुर्लक्ष करू नका. कधी ते जीवनसत्त्व 'अ'च्या अभावाने होते व बरे होते. कधी ते पडद्याच्या आनुवंशिक आजाराचे लक्षण असते, आणि जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या कुटुंबांत असे काही आजार अधिक आढळतात, हेही ध्यानात ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रहो, हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून खचून जाऊ नका. शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा मानू नका. हाती आलेल्या विषयातच आपल्या आवडीचे दार कोठे उघडते ते शोधा. तुमच्यापैकी कोणी उद्या नेत्रवैद्य होऊन याच भागातल्या एखाद्या आजीच्या डोळ्यात तो लहानसा आरसा धरील आणि तिची नजर वाचवील, तर या संस्थेने घेतलेल्या श्रमांचे सार्थक होईल.