नदीखालचा वारा

नदीखालून बोगदा खणण्याची विद्या जुनी. पण त्यातून मोटारी धावू लागल्या तर त्यांच्या विषारी धुराचे काय करावे, हा प्रश्न १९२० च्या सुमारास नवा होता. त्याचे उत्तर शोधणारे ऊले सिंगस्टाड १८८२ साली नॉर्वेत जन्मले, ट्रॉनहाइमला शिकले आणि १९०५ साली अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील बोगद्याचे प्रमुख अभियंता क्लिफर्ड हॉलंड १९२४ साली निवर्तले. त्यांच्यामागून आलेले मिल्टन फ्रीमन १९२५ साली गेले. धुरा सिंगस्टाड यांच्या खांद्यावर आली. रस्त्याखालून ताजी हवा सोडावी आणि छतातून दूषित हवा ओढून घ्यावी, ही त्यांची योजना. ८४ पंखे दर दीड मिनिटाला आतली हवा पालटू लागले.

१९२७ साली खुल्या झालेल्या बोगद्याला नाव हॉलंड यांचे लाभले, आणि ते रास्तच होते. पुढे ब्रुकलिनकडे पूल न्यावा की बोगदा, या वादात सिंगस्टाड यांनी बलाढ्य रॉबर्ट मोझेस यांच्याशी वैर पत्करले. १९४५ साली मोझेस यांच्या हाती सूत्रे येताच सिंगस्टाड यांना पद सोडावे लागले. तथापि १९५० साली खुला झाला तो बोगदाच. १९६९ साली, ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पद काढून घेता येते. केलेले काम मात्र कोणाला काढून घेता येत नाही.