रॉकेटच्या गाडीवरचा डॉक्टर : कर्नल जॉन स्टॅप

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरांसमोर एक कोडे उभे होते. कोसळलेल्या विमानांचे अवशेष तपासताना अनेकदा असे आढळे की, वैमानिकाची बसण्याची जागा बरीचशी शाबूत आहे, वैमानिक मात्र मरण पावला आहे. वेग एकाएकी थांबल्याने शरीरावर येणारा भार गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींपर्यंत गेला की मृत्यू अटळ, अशी त्या काळी समजूत होती. विमानांतील आसने आणि पट्टे याच हिशेबाने बनवले जात. त्याहून मजबूत आसन करून उपयोग काय, माणूस तर आधीच गेलेला असणार, असा हा तर्क होता. तो चुकीचा असल्याचे जॉन पॉल स्टॅप या डॉक्टरने सिद्ध केले, आणि त्यासाठी स्वतःचेच शरीर पणाला लावले.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधील बाहिया येथे झाला. आईवडील अमेरिकी बाप्टिस्ट मिशनरी होते. महाविद्यालयात असताना नात्यातील एक तान्हे बाळ भाजून दगावले. त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या स्टॅप यांनी तेव्हाच डॉक्टर होण्याचा निश्चय केला. पैशांअभावी तो लांबला. आधी अध्यापन, मग टेक्सास विद्यापीठातून जैवभौतिकीची डॉक्टरेट आणि अखेर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी ते लष्कराच्या हवाई सेवेत दाखल झाले.

१९४७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर पाठवण्यात आले. हा तळ पुढे एडवर्ड्स या नावाने प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये चाचणी उड्डाणाच्या अपघातात मृत्यू पावलेल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचे ते नाव. तेथे सुमारे २,००० फूट लांबीच्या रुळांवर रॉकेटच्या जोरावर धावणारी आणि शक्तिशाली ब्रेकने क्षणार्धात थांबणारी एक गाडी होती. आरंभी तिच्यावर माणसाच्या आकाराचा पुतळा बसवण्यात आला. एका चाचणीत पट्टे तुटले आणि पुतळा समोरची लाकडी फळी फोडून शेकडो फूट पुढे जाऊन पडला. डिसेंबर १९४७ मध्ये त्या पुतळ्याच्या जागी स्टॅप स्वतः बसले.

पहिल्या खेपेला एकच रॉकेट पेटवण्यात आले. पुढच्या काही महिन्यांत रॉकेटांची संख्या वाढत गेली आणि ऑगस्ट १९४८ पर्यंत स्टॅप यांनी गुरुत्वाकर्षणाच्या ३५ पट भार सोसला होता. बरगड्यांना तडे गेले, मनगट मोडले, दातांत भरलेले सिमेंट निखळले. पण १८ पटींचा सिद्धान्त मोडीत निघाला. वैमानिकाचा जीव अनेकदा आघातापेक्षा कमकुवत आसन आणि सैल पट्टे घेत होते, हे आता नाकारता येईना. आसनांची मजबुती वाढवावी, तसेच प्रवाशांना विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसवावे, असे त्यांनी सुचवले; कारण तसे बसल्यास आघात संपूर्ण पाठीवर विभागला जातो. लष्करी वाहतुकीच्या विमानांत ही रचना स्वीकारली गेली. नागरी विमान कंपन्यांनी मात्र ती सहसा मानली नाही.

याच काळात, दिवसभर हे प्रयोग करणारे स्टॅप संध्याकाळी तळावरील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना विनामूल्य तपासत असत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४९ मधील एक प्रसंग मात्र जगभर पोहोचला. भार मोजणाऱ्या उपकरणांची जोडणी उलटी झाल्याने एका चाचणीची नोंदच झाली नाही. ही उपकरणे कॅप्टन एडवर्ड मर्फी यांनी आणली होती. चुकीला वाव असेल तेथे ती कधी ना कधी होणारच, हे गृहीत धरून तयारी करण्याचा दंडक स्टॅप यांच्या चमूने घालून घेतला, आणि तोच मर्फीचा नियम म्हणून रूढ झाला. आज तो विनोदाने सांगितला जातो. रुळांवरच्या त्या गाडीजवळ त्याला जीवन-मरणाचे मोल होते.

पुढे जेट विमानांचा वेग वाढला. ध्वनीपेक्षा अधिक वेगात विमानाबाहेर फेकला गेलेला वैमानिक वाऱ्याच्या तडाख्यातून वाचेल का, हा नवा प्रश्न होता. न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर १० डिसेंबर १९५४ रोजी स्टॅप अखेरच्या वेळी गाडीवर बसले. दृष्टी जाण्याचा धोका ते ओळखून होते. म्हणून अंधारात कपडे घालण्याचा सराव त्यांनी आधीच करून ठेवला होता. नऊ रॉकेटांनी पाच सेकंदांत ताशी ६३२ मैल, म्हणजे सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि गाडी अवघ्या १.४ सेकंदात थांबली. भार ४६.२ पट भरला. ७५ किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा भार जवळजवळ साडेतीन टनांचा होतो. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून स्टॅप यांना काही दिसेनासे झाले. दृष्टी हळूहळू परत आली.

या प्रयोगानंतर वृत्तपत्रांनी त्यांना जमिनीवरील सर्वांत वेगवान माणूस ठरवले. १९५५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. पण त्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. हवाई दलाच्या नोंदी चाळताना त्यांना आढळले की, विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत दलाची अधिक माणसे दगावत आहेत. विमानातील आसनाला जे लागू होते तेच मोटारीच्या आसनाला लागू आहे, हा विचार त्यांनी वरिष्ठांपुढे आणि मोटार उत्पादकांपुढे चिकाटीने मांडला. लष्कराने विमानांकडे पाहावे, मोटारींशी त्याचा काय संबंध, अशी हरकत घेतली गेली. स्टॅप मागे हटले नाहीत. १९५५ मध्येच त्यांनी हॉलोमन येथे मोटार अपघातांच्या अभ्यासाची परिषद भरवली.

९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा स्टॅप समारंभास उपस्थित होते. या कायद्यानंतर अमेरिकेत नव्या मोटारींना आसनपट्टे बंधनकारक झाले. १९७० मध्ये कर्नल पदावरून ते निवृत्त झाले. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या प्रयोगाचे रूळ या गावाजवळच आहेत.