साधू ओदोरिक आणि त्यांचा आयरिश सोबती

आमची एक जुनी विद्यार्थिनी हल्ली आयर्लंडमध्ये राहते. डब्लिन शहराच्या पश्चिमेला ओंगार नावाची वस्ती आहे, तेथे तिचे बिऱ्हाड आहे. दिवाळीच्या पत्रात तिने आम्हाला एक प्रश्न विचारला. तिच्या लहान मुलाला वर्गात कोणी तरी तुम्ही कुठले म्हणून विचारले. मुलाने मॉरिशस सांगितले, मग कोकण सांगितले, आणि घरी येऊन आईला विचारले की आपल्या कोकणाचा आणि या देशाचा पूर्वी कधी काही संबंध आला होता काय. आईला उत्तर देता आले नाही, म्हणून तिने ते आमच्याकडे पाठवले. आम्ही पुस्तके चाळली आणि सातशे वर्षांपूर्वीच्या एका साधूची कथा हाती लागली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या साधूंचे नाव ओदोरिक. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली नावाचा प्रांत आहे. त्यातील पोर्देनोने गावाजवळ सुमारे १२८६ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते उदीने नगरातील मठात गेले आणि संत फ्रान्सिस यांच्या पंथाचे साधू झाले. या पंथाचे साधू पैसा जवळ बाळगीत नसत. जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि मिळेल ती भाकरी एवढाच त्यांचा संसार. गावोगाव पायी हिंडावे आणि लोकांना उपदेश करावा हे त्यांचे व्रत. त्याच काळात आपले संत नामदेव पंढरीहून निघून कीर्तन करीत थेट पंजाबात पोचले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा माणसांची जात ओळखीची वाटू लागते.

सुमारे १३१८ साली ओदोरिक पूर्वेच्या वाटेला लागले. व्हेनिसहून कॉन्स्टँटिनोपल, तेथून ट्रेबिझाँड, मग इराणातील ताब्रीझ आणि सुलतानिया अशी मजल दरमजल करीत ते होर्मुझ बंदरात आले. तेथे गलबतात बसले आणि अठ्ठावीस दिवसांनी आपल्या कोकणात, ठाणे बंदरात उतरले. हे साल १३२२ च्या सुमाराचे.

ठाणे तेव्हा भरभराटीचे बंदर होते. देवगिरीच्या यादवांचे राज्य नुकतेच बुडाले होते आणि ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल बसला होता. ओदोरिकांनी येथील झाडे, नाग आणि अग्नी यांची पूजा पाहिली. येथील घुशी कुत्र्याएवढ्या असतात आणि त्या मांजराला आवरत नाहीत, असेही त्यांनी नोंदवून ठेवले. कोकणातल्या घुशींच्या गोष्टी ज्यांनी आपल्या आजीकडून ऐकल्या असतील, त्यांना हे वाचून हसू येईल.

परंतु ठाण्यात ओदोरिकांना एक दुःखाचे काम करावयाचे होते. एप्रिल १३२१ मध्ये तेथे त्यांच्याच पंथाचे चार साधू मारले गेले होते. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दिमित्री ही त्यांची नावे. हे चौघे खरे म्हणजे केरळातील कोल्लमला निघाले होते, पण गलबताने त्यांना ठाण्यात आणून सोडले. तेथे ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी ते उतरले. एके रात्री त्या घरच्या नवऱ्याने बायकोला मारहाण केली. बाईने काझीकडे तक्रार नेली आणि घरातल्या पाहुण्या साधूंना साक्षीला बोलावण्यात आले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. थॉमस यांनी पैगंबरांविषयी कठोर उत्तर दिले आणि लोक खवळले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नगराच्या मलिकाने प्रथम या साधूंना वाचवण्याचा प्रयत्न केला. त्याने त्यांना खाडीपलीकडे पाठवून दिले आणि तेथे एका हिंदू माणसाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. पण पुढे काझीच्या आग्रहापुढे मलिकाचे मन फिरले आणि रात्री माणसे पाठवून त्यांना ठार करण्यात आले. मागे राहिलेले पीटरही नंतर पकडले जाऊन मारले गेले. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल त्या मलिकाला बोलावून मृत्युदंड दिला, असे ओदोरिकांनी लिहून ठेवले आहे. नवरा-बायकोच्या एका भांडणाचा हा शेवट! आपण या बेटावर चार धर्मांचे लोक भिंतीला भिंत लावून राहतो. घरचा वाद आणि धर्माचा वाद यांत किती थोडे अंतर असते, हे आपण या कथेवरून समजून घ्यावे.

त्या चौघांबरोबर आलेले जोर्दानुस नावाचे दुसऱ्या पंथाचे साधू त्या वेळी भडोचकडे गेले होते. परत येऊन त्यांनी ती प्रेते जवळच्या सोपाऱ्याला नेऊन पुरली. ओदोरिकांनी त्या अस्थी काढल्या, चांगल्या कापडात बांधल्या आणि बरोबर घेतल्या. ज्या चीन देशी पोचण्याची आपल्या बांधवांची इच्छा अपुरी राहिली, तेथे निदान त्यांच्या अस्थी पोचाव्यात, असे त्यांनी ठरवले. वाटेत एका घरी ते अस्थी उशाशी घेऊन निजले असता घराला आग लागली. तीन कोपरे जळाले, ते ज्या कोपऱ्यात होते तो मात्र वाचला, असे ते सांगत. पुढे समुद्रात वारा पडला. गलबतावरच्या हिंदूंनी प्रार्थना केली, मुसलमानांनी केली, पण पान हलेना. तेव्हा खलाशांनी ती हाडे समुद्रात टाकण्याची धमकी दिली. ओदोरिकांनी गुपचूप एक हाड पाण्यात सोडले आणि वारा सुटला. कोणी यावर विश्वास ठेवो वा न ठेवो. आमचे पूर्वज मुंबईहून जहाजात बसून या बेटाकडे आले, तेव्हा त्यांनीही भर समुद्रात आपापल्या देवाला अशीच हाक मारली असेल.

कोल्लमहून सातशे माणसांच्या एका मोठ्या चिनी जहाजातून ते पुढे निघाले. मैलापूर, सुमात्रा, जावा करीत ते चीनच्या झैतून बंदरात पोचले. तेथील आपल्या पंथाच्या मठात त्यांनी त्या अस्थी ठेवल्या. खानबालिक म्हणजे आजचे बीजिंग, तेथे ते तीन वर्षे राहिले. पाणकावळ्यांकडून मासे धरवणारे कोळी आणि पाय बांधून लहान ठेवलेल्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या आणि त्यांची हकिगत युरोपात नेली. मग मध्य आशियाच्या खुष्कीच्या वाटेने ते मायदेशी परतले.

मे १३३० मध्ये पादुआच्या मठात त्यांनी आपला प्रवास तोंडी सांगितला आणि सोलान्याच्या विल्यम या साधूने तो उतरून घेतला. त्यानंतर पोपांच्या भेटीला जाण्यास ते निघाले, पण पिसा येथे आजारी पडून माघारी आले. १४ जानेवारी १३३१ रोजी उदीने येथे त्यांचा देह पडला. मठातल्या साधूंना त्यांना साधेपणाने पुरावयाचे होते, पण सारे नगर दर्शनाला लोटले. १७५५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांची पूजा मान्य करून त्यांना धन्य ही पदवी दिली. फादर लावाल यांना १९७९ साली मिळाली तीच ही पदवी. सेंट क्रॉसच्या समाधीवर आपल्यातले कितीतरी लोक जातात, त्यांना तिचा मान ठाऊक आहे.

आता ओंगारच्या त्या मुलाचे उत्तर. या लांबच्या प्रवासात ओदोरिकांचा एक सोबती होता. तो आयर्लंडचा होता आणि त्याचे नाव जेम्स. सातशे वर्षांपूर्वीचा हा आयरिश माणूस आशियाच्या वाटा तुडवून परत आला. त्याने स्वतः काही लिहिले नाही, कोणी त्याची समाधी बांधली नाही. ओदोरिक वारल्यावर उदीने नगराने देवाच्या आणि ओदोरिकांच्या प्रेमाखातर त्याला दोन मार्क दिले. नगराच्या हिशेबात १३३१ साली पडलेल्या त्या एका नोंदीमुळे त्याचे नाव आपल्यापर्यंत आले.

आमचे पूर्वजही असेच आहेत. ऊस तोडणाऱ्या त्या माणसांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आगबोटीच्या यादीत आणि मळ्याच्या वहीत पडलेली एक एक ओळ, तेवढीच त्यांची खूण. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची नावे, ते कोणत्या गावचे, कोणत्या मळ्यात राबले, हे एका वहीत मराठीत लिहून ठेवावे आणि मुलांकडून वाचून घ्यावे. मुले उद्या डब्लिनला जातील की आणखी कोठे, कोण जाणे. ती वही त्यांच्याबरोबर जाऊ द्या. ओंगारला आम्ही हेच कळवले आहे, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलाने आपल्या खापरपणजोबांचे नाव लिहावे असेही सांगितले आहे.