वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे आणि कर्करोग संशोधनाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे वैद्यक शास्त्रज्ञ होते. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी १९२३ मध्ये घेतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या ग्रँट व सेठ जी.एस. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले.

परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने येत आणि बहुधा उशिरा येत. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखालील ऊतीबरोबरच रुग्णाच्या सवयींचाही मागोवा घेतला. १९४५ मध्ये सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी अशा सवयींशी निगडित कर्करोगांचे वर्णन केले. खैनीची गोळी खालच्या ओठामागे धरणाऱ्यांना रोग तेथेच होई. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना तो टाळूला होई. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण धोतराचे. कमरेला घट्ट कसलेले वस्त्र वर्षानुवर्षे एकाच जागी काचले की तेथील त्वचेचा रंग बदलतो, ती जाड होते आणि क्वचित पुढे न भरणारा व्रण होतो. रोगाची जागा सवयीवरून ओळखता येते, म्हणून तो लवकर कोठे शोधावा हेही कळते. या संशोधनाचे मोल मुख्यतः यात आहे. कुष्ठरोगातही त्यांनी आरंभीच्या, सहज न दिसणाऱ्या विकृतींचाच अभ्यास केला.

मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

खानोलकरांच्या काळी निदानासाठी ऊतीचा तुकडा काढावाच लागे, आणि आजही अंतिम निर्णय बायॉप्सीवरच होतो. मात्र त्यांच्या केंद्राचा वारसा चालवणाऱ्या, नवी मुंबईतील खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत तोंडाच्या कर्करोगासाठी रामन वर्णपटविज्ञानावर संशोधन झाले आहे. या पद्धतीत गालाच्या आतील त्वचेवर लेसर किरण टाकतात. विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग तरंगलांबी बदलून परततो आणि त्यावरून पेशींतील प्रथिने व मेद यांत झालेले फरक ओळखता येतात. त्यासाठी कोठेही कापावे लागत नाही.